रूळ पुसण्याचे दिवस

सोयाबीन निघायला लागलं की आमच्या वाशीमकडच्या मालेगावच्या हवेला एक पिवळट कोरडेपणा येतो. शिवारात चहूकडे मळणीयंत्रं सुरू होतात. आमच्याकडे त्यांना हडंबा म्हणतात. त्यांच्या तोंडातून उडालेलं कुटार गावावर बारीक बारीक बसत राहतं. तारेवरच्या कपड्यांवर, हॉटेलातल्या भज्यांवर, पोथीवर. घसा खवखवतो. टेबलावर बोट फिरवलं की रेघ उमटते. या दिवसांत सारा गाव भाव काय निघाला ते विचारत असतो आणि मी स्पिरिटची बाटली, जुन्या धोतराचं पांढरं फडकं आणि डझनभर कापसाच्या काड्या पिशवीत घालून शाळेकडे निघतो. निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली, तरी निघतो.

प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात आठ फूट लांब टेबलावर एक आगगाडी आहे. लंबगोल फिरणारे पितळी रूळ, आइसक्रीमच्या काड्यांचे स्लीपर, पिवळ्या पाटीवर बारीक अक्षरात लिहिलेलं ‘वाशीम’, तीन डबे आणि एक काळं इंजिन. आमच्या मालेगावात रेल्वे नाही. इथल्या कितीतरी मुलांनी आयुष्यातली पहिली गाडी या टेबलावर पाहिली. दरवर्षी हडंब्यांची धूळ तिच्यावर बसते, गाडी अडखळते, आणि ‘रेल्वेवाले सर’ येऊन ती चालू करून देतात. ते रेल्वेवाले सर म्हणजे मी.

हे नाव मी चोरलं आहे. आज ते परत करायचं आहे, आणि ज्यांनी मला ते चोरू दिलं त्यांचंही थोडं काढायचं आहे.

रूळ का पुसावे लागतात ते आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. या गाडीला वरून तार नाही, आत सेल नाही. वीज रुळांतून येते, रुळावरून चाकात जाते आणि चाकातून मोटारीत. रूळ आणि चाक एकमेकांना टेकतात ती जागा मोहरीएवढी. तेवढ्या जागेत धूळ आली, तेल आलं, बोटाचा घाम आला, की गाडी थांबली. बाहेरून सगळं ठीक दिसतं. इंजिन रुळावर उभं असतं, बटणाजवळचा दिवा लागलेला असतो, पण गाडी हलत नाही. माणसंही कधी कधी अशीच उभी असतात.

ही गाडी रऊफभाईंनी केली. बसस्टँडजवळ त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, दुकान कसलं, कपाटच. त्यात ते बसत आणि गिऱ्हाईक रस्त्यावर उभं राही. वाशीमवरून जाणारी छोटी लाइन बंद होऊन मोठी येणार, अशी बोलणी चालू झाली तेव्हा मी त्यांना म्हणालो की ती गाडी जाण्याआधी तिची लहान प्रत करून ठेवू. मी शाळेत विज्ञान शिकवायचो. कल्पना माझी, एवढं मी आजही सोडणार नाही. बाकी सगळं त्यांचं. माझ्या स्कूटरवर आम्ही वाशीमला जायचो आणि गाडी उभी असली की रऊफभाई खिशातून दोरा काढून चाकं मोजायचे, दोऱ्याला गाठी मारायचे. एकदा गार्डानं हटकलं, काय मोजून राह्यले म्हणून. रऊफभाई म्हणाले, “पैजामा शिवाचा हाय इंजनाले.” गार्ड हसला आणि पुढच्या खेपेपासून आम्हाला चहा सांगू लागला.

टेपरेकॉर्डरची मोटार, लेथवर कातलेली पितळी चाकं, पत्र्याच्या डब्याचं अंग. दीड वर्ष लागलं. दुकान बंद केल्यावर ते शाळेत यायचे. मी फळा पुसायचो, ते रूळ पुसायचे. त्यांची रीत अशी. अत्तराच्या फायाची काडी असते तशी कापसाची काडी करायची, स्पिरिटमध्ये बुडवायची, रुळाच्या फक्त माथ्यावरून न्यायची, काळी झाली की फेकून दुसरी घ्यायची. चाकांसाठी पांढरं फडकं ओलं करून रुळांवर आडवं टाकायचं. इंजिनाची मागची चाकं रुळावर, पुढची फडक्यावर, आणि इंजिन हातानं धरून वीज सोडायची. पुढची चाकं फडक्यावर जागच्या जागी गरगरतात आणि आपला मळ आपणच काढतात. मग इंजिन फिरवायचं आणि मागची पुसायची. फडक्यावर काजळाच्या दोन समांतर रेघा उमटतात. “सर, मैल डोयानं दिसत नाही,” ते म्हणायचे, “पण करंटले बरोबर समजते.” तेलाचा थेंब फक्त आसाला, चाकाच्या कडेला कधीच नाही. हे त्यांनी मला वीस वेळा सांगितलं असेल.

गेली वीस वर्षं मी त्याच रीतीनं पुसत आलो आहे. घरी बायको मला पिशवी भरताना बघते. बोलली तर एवढंच बोलते, “पुसा, पुसा. अजून लय हाय तिथं.” तिला सगळं माहीत आहे. का, ते येईल पुढे.

गाडी पुरी झाली त्या वर्षीचा आश्विन असाच धुळीचा होता. संस्थेचे चिटणीस, ज्यांना आम्ही सगळे भाऊसाहेब म्हणतो, त्यांनी ठरवलं की गाडीचं उद्घाटन दसऱ्याला सकाळी, सीमोल्लंघनाच्या मुहूर्तावर, बाहेरच्या पाहुण्यांच्या हस्ते करायचं. मांडवासाठी झेंडूची तोरणं सांगितली गेली. आदल्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारांची पूजा असते. शेतकरी पाभर पुजतो, सुतार करवत पुजतो, आणि शाळेत मी प्रयोगशाळा पुजायचो. तराजू, सूक्ष्मदर्शक, चुंबक, सगळ्यांना हळदकुंकू आणि फूल. त्या वर्षी गाडीही होती. तिची पूजा मी फार मनापासून केली. इंजिनाच्या कपाळाला लावलं, डब्यांना लावलं. मग वाटलं, गाडीचं खरं हत्यार म्हणजे तिची चाकं. पितळेवर कोरडं कुंकू टिकेना, म्हणून मी ते गोडेतेलात कालवलं आणि एकेका चाकाला बोट लावलं. रुळांवर पाच ठिकाणी पाच बोटं ओढली.

संध्याकाळी रऊफभाई आले आणि म्हणाले, एक फेरी मारून पाहू. मी नाही म्हटलं. खंडेनवमीला पुजलेलं हत्यार दुसऱ्या दिवसापर्यंत हलवायचं नसतं. त्यांच्यासमोर मी दार ओढून घेतलं. ते म्हणाले, बरं, तुमचा सण हाय, आणि गेले.

आज विचार केला की हसू येतं. अणू-रेणू शिकवणारा माणूस. तेल वीज अडवतं हे सातवीच्या पोराला फळ्यावर लिहून देणारा.

दसऱ्याला सकाळी मांडवात गाव जमला होता. रऊफभाई इस्त्रीचा पांढरा झब्बा घालून टेबलाजवळ उभे होते. पाहुण्यांनी बटण फिरवलं. इंजिन वीतभर गेलं आणि थांबलं. रऊफभाईंनी बोटानं पुढे ढकललं. पुन्हा वीतभर. दर ढकलण्याबरोबर माझं कुंकू चाकाभोवती आणखी पसरत होतं, रुळावर आणखी लांबत होतं. मागून कुणीतरी म्हणालं, मेंढी हाकून राह्यला का. लोक हसले. मग रऊफभाई खाली वाकले, डोळा चाकाजवळ नेला आणि तसेच थांबले. वर आले तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मी तोरणाकडे पाहू लागलो.

भाऊसाहेब हसतमुख माणूस. हसतच म्हणाले, पण पहिल्या तीन रांगांना ऐकू जाईल असं म्हणाले: “मुहूर्त आमचा अन् हात तुहा. मंग कशी चालन?”

भाऊसाहेब, हे वाक्य तुम्ही विसरला असाल. मला ते रोज सकाळी दात घासताना आठवतं. तुम्हाला कुणी आठवण करून दिली नाही, कारण आठवण करून देण्याजोगा एकच माणूस होता आणि तो तुमच्या संस्थेत पगारावर होता. आता तो पगारावर नाही.

त्याच दुपारी कार्यालयात एक ठराव लिहिला गेला. काम निकृष्ट झाल्यामुळे संस्थेची पाहुण्यांसमोर मानहानी झाली, सबब सदर इसमाकडून यापुढे कोणतेही काम घेऊ नये व त्यास शाळेच्या आवारात प्रवेश देऊ नये. अक्षर माझं आहे. माझं अक्षर चांगलं, म्हणून असल्या गोष्टी नेहमी मलाच लिहायला देत. ‘सदर इसम’ लिहिताना घाई केली नाही. वळणदार लिहिलं. खाली सही केली.

संध्याकाळी सगळे सोनं वाटायला बाहेर पडले तेव्हा मी एकटा प्रयोगशाळेत गेलो. फडकं सापडेना, म्हणून खिशातला हातरुमाल ओला करून रुळांवर टाकला, इंजिन धरलं आणि वीज सोडली. चाकं जागच्या जागी अडखळली, मग फिरायला लागली. रुमालावर दोन रेघा उमटल्या. काळ्या नव्हत्या. लाल होत्या, कुंकवाच्या लाल. पाचव्या मिनिटाला गाडी सुरळीत धावत होती. बाहेर पोरं आपट्याची पानं घेऊन धावत होती आणि मी ती फेऱ्या घालणारी गाडी बघत होतो. तेव्हाच बाहेर पडून बसस्टँडवर जायचं होतं. दोनशे पावलं. मी नाही गेलो. रुमाल घरी नेला. बायकोनं तीनदा धुतला, रेघा गेल्या नाहीत. तिनं विचारलं आणि मी सांगितलं. ती म्हणाली, “मंग आता जा की त्याच्याकडे.” मी म्हटलं, उद्या.

दुसऱ्या दिवशी भाऊसाहेबांनी गावाला सांगितलं की आमच्या सरांनी एका संध्याकाळी दुरुस्त केली. दिवाळीनंतर मला शाल आणि नारळ मिळाला. मी वाकून घेतला.

रऊफभाईंचं दुकान त्यानंतर दोनेक वर्षांत बंद झालं. त्यांच्या हातातलं कसब गेलं, असं लोक बोलू लागले होते. मोबाईल आले होते, घड्याळं तशीही कमी झाली होती. भाऊसाहेब हेच म्हणतात. मीही बरीच वर्षं हेच म्हणायचो, जरा सुटसुटीत वाटायचं. ते शेलूबाजारला लेकीकडे राहायला गेले. मालेगाव ते शेलूबाजार काही परदेश नाही. जीप दर अर्ध्या तासाला असते.

पण मी रूळ पुसत राहिलो. दरवर्षी, याच दिवसांत, मान मोडेपर्यंत. मला वाटायचं मी प्रायश्चित्त घेतो आहे. खरं तर मी माझ्या चोरीची निगा राखत होतो.

आता यंदाचं. भाऊसाहेबांना एक्याऐंशी वर्षं होतात. सहस्रचंद्रदर्शन, गौरवग्रंथ, आणि त्या प्रयोगशाळेला त्यांचं नाव. समारंभ दसऱ्यालाच, आणि त्यात गाडीही चालवायची. संगमरवराची पाटी येऊन पडली आहे, मी वाचली: ‘रेल्वे दालन. संकल्पना व निर्मिती’ आणि खाली भाऊसाहेबांचं नाव. ज्या माणसानं त्या इंजिनाला आयुष्यात एकदाही हात लावला नाही, त्यानं ते निर्माण केलं. माझी संकल्पनाही गेली, याचा राग आला. लपवत नाही. चोराच्या घरी चोरी झाली की चोरालाही राग येतो. त्या रागानं माझ्याकडून जे करवून घेतलं ते वीस वर्षांच्या लाजेनं करवून घेतलं नव्हतं.

गौरवग्रंथासाठी मला रेल्वेच्या आठवणींवर लेख मागितला होता. मी वरचा मजकूर, इथवरचा, तसाच पाठवला. संपादन करणारा मास्तर माझाच विद्यार्थी. दोन दिवसांनी घरी आला, बराच वेळ चप्पल काढत होता. शेवटी म्हणाला, “सर, लेख छान हाय. थोडा गोड करता येईन का?” म्हणून तो लेख आता इथे, या दिवाळी अंकाला दिला आहे. इथे गोड करायची अट नाही.

लेख पाठवण्याआधी मी शेलूबाजारला गेलो होतो. लिहायचं तर विचारायला हवं. रऊफभाई अंगणात बाजेवर बसले होते. डोळे अधू झाले आहेत. मी ‘रऊफभाई’ म्हटलं आणि त्यांनी मान वळवली. “सर का? आवाज बुढा झाला तुमचा.”

मी सगळं सांगितलं. तेल, कुंकू, रुमाल, ठराव. मी थांबलो तेव्हा ते म्हणाले की हे त्यांना त्याच दिवशी कळलं होतं, चाक लाल दिसलं होतं. मग मांडवात का नाही बोललात, असं मी विचारलं.

“काय बोलाचं होतं? एवढं गाव बसलं होतं. तुमच्या पूजेनं गाडी बंद पडली, हे रऊफनं सांगाचं? अन् मंग घरी कसं जाचं?”

माझे डोळे भरून आले. मी म्हणू लागलो की तुम्ही मला वाचवलंत, तुमचं मन मोठं. त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

“थांबा. मले मोठ्या मनाचा करू नका. पहिले आठ दिवस वाट पाह्यली. वाटलं, सर येतीन, सांगतीन. तुमी नाही आले. मंग म्या ठरवलं, आपुन बोलाचंच नाही. मी एक शब्द बोललो असतो तर तुमी सुटले असते. नाही सोडलं तुमाले. तुमी शाल घेतली तवा मी फाटकाबाहेर उभा होतो, सर. पोट भरून पाह्यलं.”

वीस वर्षं मी जे ओझं वाहिलं ते आपोआप पडलेलं नव्हतं तर. कुणीतरी हातानं नीट रचून ठेवलं होतं. घड्याळ बसवावं तसं. मला राग यायला हवा होता. आला नाही. उलट पहिल्यांदा वाटलं की या माणसाचा आणि माझा काहीतरी संबंध अजून आहे.

मी विचारलं, काय करू. पाटीवर तुमचं नाव यावं म्हणून भांडतो, वर्तमानपत्रात देतो. त्यांनी यातलं काहीच मागितलं नाही. म्हणाले, “इंजन आना.”

इंजिन एरवी प्रयोगशाळेतल्या कपाटात असतं आणि त्याची किल्ली माझ्याकडेच असते. काल मी रूळ पुसायला म्हणून शाळेत गेलो. पुसलेही, संपूर्ण फेरी, दोन तास, असे की अंधारातही दिसावेत. मग इंजिन टॉवेलमध्ये गुंडाळून पिशवीत घातलं आणि शेलूबाजारची जीप धरली.

रऊफभाईंनी ते मांडीवर उलटं घेतलं. डोळ्यांजवळ नेलं नाही. अंगठा एका चाकावरून फिरवला, दुसऱ्यावरून, तिसऱ्यावर थांबले.

“काचकागद मारला तुमी.”

एकदा घाई होती, मी म्हणालो.

“एकदा नाही.”

नाही, एकदा नाही. स्पिरिटनं तास लागतो, काचकागदानं दहा मिनिटं. चाक लगेच चमकतं, पण त्यावर बारीक ओरखडे पडतात आणि पुढच्या वर्षीची धूळ त्यात घर करते. वर मी लिहिलं आहे की वीस वर्षं त्यांच्याच रीतीनं पुसलं. ते खोटं आहे. खोडत नाही, तसंच राहू द्या. लेख खरा लिहायला बसलेला माणूसही कुठे हात मारतो ते दिसू दे.

मग त्यांनी अट सांगितली आणि मी त्यांच्या अंगणातूनच मुख्याध्यापकांना फोन लावला. म्हटलं, इंजिन कपाटात नाही, ज्यानं केलं त्याच्याकडे आहे. दसऱ्याला गाडी चालवायची असेल तर भाऊसाहेबांनी स्वतः शेलूबाजारला यावं, दारात उभं राहून मागावं, आणि कुणाची वस्तू मागतो आहोत ते नाव घेऊन मागावं. माणूस पाठवला तर मिळणार नाही. बहुतेक भाऊसाहेब शेजारीच होते, कारण थोड्या वेळानं फोनवर त्यांचाच आवाज आला. म्हणाले, सर, या वयात हे शोभते का, आम्ही नागपूरहून दोन दिवसांत दुसरं इंजिन आणतो. मी म्हटलं, आणा. रुळांची रुंदी रऊफभाईंच्या दोऱ्याची आहे. बाजारातलं चाक त्यावर बसत नाही. ते म्हणाले, तुमीच सही केली होती त्या ठरावावर. मी म्हटलं, हो, ते छापायला दिलं आहे.

फोन ठेवला तेव्हा मला फार बरं वाटलं. हे पुण्याचं वाटणं नव्हतं. दुसऱ्याचं तोंड उतरलेलं डोळ्यांसमोर आलं की जे वाटतं तेच होतं. चौऱ्याहत्तराव्या वर्षी ते वाटलं, त्याची लाज नाही.

दसऱ्याला अजून दोन दिवस आहेत. भाऊसाहेब येतील असं मला वाटतं. मांडव घातला आहे, पाहुणे ठरले आहेत, आणि रिकामे रूळ फार चमकतात. येतील, तर ते वाक्य त्यांना परत त्याच माणसासमोर उभं राहून गिळावं लागेल. नाही आले, तर सारा गाव एका रिकाम्या टेबलाभोवती बसेल आणि विचारेल, इंजिन कुठे आहे. दोन्हीकडून रऊफभाईंचं नाव निघतं.

काल निघताना पाय दुखत होते. ओट्यावर एक नवी खुर्ची धुऊन पुसून ठेवलेली दिसली, म्हणून मी तिच्याकडे वळलो. रऊफभाईंची नात आतून चहा घेऊन येत होती, ती घाईनं म्हणाली, “त्यावर नका बसू सर, नानानं ती भाऊसाहेबांसाठी काढाले लावली.” मी रऊफभाईंकडे पाहिलं. ते इंजिन मांडीवर घेऊन रस्त्याच्या दिशेनं तोंड करून बसले होते.

मी चहा उभ्यानं प्यालो.